एका मात्रेत दोन कामं

ट्रॉम्बेत साउथ साइटच्या रस्त्याला लागलं की आयसोमेडची, म्हणजे किरणांनी निर्जंतुक करणाऱ्या संयंत्राची, इमारत दिसायच्या आधी टेम्पो दिसतात. कुणात सलाइनच्या नळ्यांची खोकी, कुणात हातमोज्यांची, कुणात नुसता कापूस. अणुसंशोधनाच्या आवाराला लागून बाहेरच्या कारखानदाराचा माल रोज येतो आणि जातो, याचं नव्याने आलेल्या माणसाला फार नवल वाटतं. प्रत्येक खोक्यावर एक लहान गोल टिकली चिकटवलेली असते. आत जाताना ती पिवळी, बाहेर येताना लाल. टिकली लाल झाली म्हणजे खोकं किरणांसमोरून गेलं, एवढंच तिला सांगता येतं. मात्रा किती मिळाली हे सांगायला वेगळी माणसं लागतात. माझ्या नोकरीतली बरीच वर्षं त्या दुसऱ्या कामात गेली. म्हणून स्मरणिकेच्या संपादकांनी हा इतिहास लिहायला सांगितला तेव्हा मात्रेपासूनच सुरुवात करायची असं मी ठरवलं.

आमच्यातली जुनी माणसं ‘अडीच मेगारॅड’ म्हणायची, नवी ‘२५ किलोग्रे’ म्हणतात. मात्रा तीच. एक किलो वस्तूत २५,००० ज्यूल ऊर्जा मुरली की ती पुरी होते. आकडा मोठा वाटतो, पण तेवढ्या ऊर्जेने एक लिटर पाणी जेमतेम ६ अंशांनी तापतं. त्यात आंघोळीचं पाणीसुद्धा कोमट होणार नाही. म्हणूनच १२१ अंशांच्या वाफेत वेडीवाकडी होणारी प्लास्टिकची नळी या मात्रेतून जशीच्या तशी बाहेर येते. ऊर्जा थोडी असते, पण ती थेट रेणूंच्या बंधांवर पडते. जंतूच्या डीएनएची साखळी तुटली की त्याची वाढ संपली. तोडण्याचं हे काम आम्ही सगळ्यात आधी शिकलो. त्याच मात्रेकडून जोडण्याचंही काम करून घेता येतं. ते ट्रॉम्बेच्या हाताशी यायला पुढची बरीच वर्षं लागली आणि माझ्या मते आमच्या इतिहासातला सगळ्यात सुंदर भाग तोच आहे. त्यामुळे पहिल्या कामाबद्दल भराभर सांगतो आणि दुसऱ्यापाशी थांबतो.

३ जानेवारी १९५४ ला ट्रॉम्बेत अणुऊर्जा संस्थान स्थापन झालं. ४ ऑगस्ट १९५६ ला ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, २० जानेवारी १९५७ ला पंडित नेहरूंच्या हस्ते संस्थानाचं रीतसर उद्घाटन झालं, १९६० मध्ये ‘सायरस’ आली. डॉ. होमी भाभांच्या अपघाती निधनानंतर, १९६७ च्या जानेवारीत, संस्थानाला त्यांचं नाव मिळालं. या तारखा आपल्या वाचकांना पाठ आहेत. आपल्या गोष्टीपुरतं महत्त्वाचं एवढंच की अणुभट्टी आली तसे समस्थानिकही आले. साध्या कोबाल्टने भट्टीत एक न्यूट्रॉन गिळला की त्याचा कोबाल्ट-६० होतो. त्याचं अर्धं आयुष्य ५.२७ वर्षांचं. म्हणजे संयंत्रातला कोबाल्टचा सोर्स दर वर्षी सुमारे १२ टक्क्यांनी क्षीण होतो आणि मात्रा तीच ठेवायची तर खोक्यांना किरणांपुढे जास्त वेळ थांबवावं लागतं, किंवा नवा कोबाल्ट भरावा लागतो. आमचं वेळापत्रक पंचांगापेक्षा या घसरणीवर जास्त चालायचं.

किरणांनी निर्जंतुक करण्याची कल्पना त्या वेळी जगात नवीच होती. १९५६ च्या सुमारास अमेरिकेत शस्त्रक्रियेचे टाके शिवायचे धागे इलेक्ट्रॉनच्या झोताखाली धरायला सुरुवात झाली. गॅमा किरणांचं पहिलं मोठं व्यापारी संयंत्र मात्र १९६० च्या आगेमागे ऑस्ट्रेलियात डँडेनाँगला उभं राहिलं, तेही औषधांसाठी नव्हे. गालिच्यांसाठी आयात होणाऱ्या बकऱ्यांच्या केसांत अँथ्रॅक्सचे जंतू असत, ते मारायला. एका घातक रोगाच्या भीतीतून ही वाट निघाली आणि काही वर्षांतच ती शस्त्रक्रियागृहापर्यंत पोचली.

आपल्याकडे काय होतं? सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला दवाखान्यात काचेची सिरिंज स्टोव्हवरच्या पातेल्यात उकळत असायची. एकदा वापरून टाकून द्यायची प्लास्टिकची साधनं नुकती येऊ लागली होती आणि ती उकळता येत नव्हती. इथिलीन ऑक्साइड वायूचा पर्याय होता, पण तो वायू स्वतः विषारी, त्याचा अंश वस्तूत राहतो, आणि पाकिटाच्या कानाकोपऱ्यात तो पोचला की नाही याची खात्री करावी लागते. गॅमा किरण बंद खोक्याच्या आरपार जातात. वस्तू आधी पाकिटात बंद करायची, मग किरणांपुढून न्यायची, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलापाशीच पाकीट फोडायचं. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९७४ मध्ये आयसोमेड सुरू झालं ते या कामासाठी. देशातलं अशा प्रकारचं ते पहिलं संयंत्र. पुढे १९८९ मध्ये ‘ब्रिट’, म्हणजे विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, निघालं आणि आयसोमेडचा कारभार त्यांच्याकडे गेला.

संयंत्राच्या आत काय असतं याबद्दल बाहेर फार गैरसमज असतात, म्हणून थोडं सविस्तर. जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली, तिच्यात जायला नागमोडी बोळ, कारण गॅमा किरण वळणं घेत नाहीत. मध्ये खोल पाण्याचा हौद. काम नसेल तेव्हा सोर्स हौदाच्या तळाशी असतो. वरून पाहिलं तर स्वच्छ पाण्यात निळा उजेड दिसतो, अगदी शांत, समईच्या ज्योतीच्या मुळाशी दिसतो तसा निळा. सोर्स वर आला की खोलीत माणूस नसतो. फक्त खोकी कन्व्हेयरवरून फिरतात, एक बाजू, मग दुसरी बाजू. माणसाला भेटण्याआधी सोर्स पुन्हा पाण्यात गेलेला असतो. त्या निळ्या उजेडाकडे मी किती वेळा पाहिलं असेल याची गणती नाही, पण पहिल्यांदा पाहिला तो दिवस आठवतो. बरोबरचे ज्येष्ठ सहकारी म्हणाले होते, “भिऊ नका, पण सलगीही करू नका.” आमच्या विभागाचा सगळा शहाणपणा त्या वाक्यात होता.

माझं काम मात्रा मोजणाऱ्या सेरिक-सेरस डोसिमीटरचं. पिवळसर द्रावणाच्या सीलबंद काचेच्या कुप्या खोक्यांत ठरलेल्या जागी ठेवायच्या: कोपऱ्यात, मध्यावर, सगळ्यात दाट भरलेल्या ठिकाणी. किरण लागले की त्यातल्या सेरिकचं सेरस होतं आणि किती झालं यावरून मात्रा काढता येते. खोक्याच्या पोटातल्या सगळ्यात सावलीच्या जागीही २५ किलोग्रे पोचले पाहिजेत आणि बाहेरच्या कडेला इतके जास्त होता कामा नयेत की प्लास्टिक पिवळं पडून कडक होईल. या दोन टोकांमधली पट्टी अरुंद असते. एखाद्या कारखानदाराने न सांगता खोक्यात माल थोडा दाबून भरला, तरी आमच्या कुप्या ते सांगायच्या.

त्या काळात आयसोमेडमधून बाहेर पडलेल्या मालात मला सगळ्यात जिव्हाळ्याचे वाटायचे ते दाईसंच. खेड्यातल्या सुइणीसाठी एका पाकिटात बाळंतपणाला लागणारं निर्जंतुक सामान: नाळ कापायला पातं, बांधायला दोरा, कापडाचे तुकडे. विळ्याने नाळ कापली जात होती अशा घरांत ते पाकीट पोचणार होतं. खोक्यावरची टिकली लाल झालेली पाहताना त्या घरांची आठवण यायची.

दुसरं पाकीट आलं ते परळहून. १९८८ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयात ऊतीपेढी सुरू झाली. डॉ. ॲस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी ती नेटाने वाढवली. बाळंतपणानंतर वारेबरोबर बाहेर पडणारा पातळ पडदा, ज्याला डॉक्टर ॲम्निऑन म्हणतात, तिथे स्वच्छ करून, गोठवून सुकवून, पाकिटात बंद करून आमच्याकडे यायचा. किरणांखालून गेला की तो भाजलेल्या जखमेवर घालायला तयार. हातात धरला तर कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा, उजेड आरपार जाणारा. जखमेला तो झाकतो, ओलावा राखतो, वेदना कमी करतो. पण तो आईच्या शरीरातून येतो, त्यामुळे मोजकाच मिळतो. असा पडदा आपल्याला बनवता येईल का, हा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात आला असणार. माझ्या मनात तरी आला होता.

उत्तर किरणांपाशीच होतं, फक्त ते शेजारच्या इमारतीतल्या रसायनशास्त्रज्ञांच्या भाषेत होतं.

पाण्यातून किरण गेला की पाण्याचे रेणू फुटतात. त्यातून हायड्रॉक्सिल मूलक निघतात, हायड्रोजनचे अणू निघतात, आणि सुटे इलेक्ट्रॉन निघतात, ज्यांच्याभोवती पाणी लगेच कोंडाळं करतं. या पाण्याने वेढलेल्या इलेक्ट्रॉनची प्रत्यक्ष नोंद १९६२ मध्ये बोग आणि हार्ट या दोन शास्त्रज्ञांनी केली. ही सगळी मंडळी क्षणभंगुर. त्यांना पकडायचं तर विजेच्या लखलखाटाइतका क्षणिक किरणांचा धक्का द्यायला हवा आणि त्यानंतरच्या काही दशलक्षांश सेकंदांत प्रकाश टाकून पाहायला हवं. याला पल्स रेडिओलिसिस म्हणतात. १९८६ मध्ये ट्रॉम्बेच्या रसायनशास्त्र विभागात ७ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन त्वरक आला आणि ही क्षणभंगुर मंडळी आपल्याकडेही दिसू लागली. आम्ही निर्जंतुकीकरणवाले त्या वेळी तिकडे जरा दुरूनच पाहायचो. आमच्याकडे टेम्पो वाट पाहत असायचे, तिकडे नॅनोसेकंद मोजले जात होते. पुढे कळलं की दोन्हीकडे चाललेलं काम एकच होतं.

हायड्रॉक्सिल मूलक मोठा हावरा. जवळ एखादी लांबलचक पॉलिमरची साखळी असेल तर तो तिच्यावरचा एक हायड्रोजन ओढून घेतो आणि पुन्हा पाणी होऊन निघून जातो. साखळीवर त्या जागी कार्बनचा एक हात मोकळा राहतो. शेजारच्या साखळीवरही असाच एक हात मोकळा झाला असेल तर दोघे हात धरतात. असे हजारो हात गुंफले की पाण्यात एक अखंड जाळं तयार होतं आणि द्रावणाचा जेल होतो. किरणांनी पॉलिमर असा जोडला जातो हे इंग्लंडमध्ये चार्ल्सबी यांनी १९५२ मध्ये पॉलिथिलीनवर दाखवलं होतं. पाणी धरणारे जेल शरीराला चालतात हे प्रागच्या ऑटो विख्टर्ले यांनी १९६० मध्ये जगापुढे मांडलं. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यांचीच. हे दोन धागे एकत्र बांधले ते पोलंडमधल्या वूच शहरात, नकाशावर ज्याचं नाव लॉड्झ असं वाचलं जातं. आपल्या गिरणगावासारखं हे कापडगिरण्यांचं शहर. तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या किरण-रसायन संस्थेत यानुश रोझियाक आणि सहकाऱ्यांनी पॉलिमर, अगर आणि पाणी यांची जखमेवरची पट्टी तयार केली. तिचं अमेरिकी पेटंट १९८९ चं आहे. त्यांची युक्ती इतकी सरळ की वाचताना हात कपाळावर जावा: मिश्रण साच्यात ओतायचं, पाकिटात बंद करायचं आणि २५ किलोग्रे द्यायचे. त्या एका मात्रेत जाळंही विणलं जातं आणि जंतूही मरतात. पाकीट पुन्हा उघडावं लागत नाही.

मूळ कल्पना आपली नव्हती हे मोकळेपणाने सांगायला हवं. आपलं काम पुढचं. ट्रॉम्बेत डॉ. ललित वार्ष्णेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए, हाताशी धरला. हा पदार्थ मुंबईला परका नाही; गिरण्यांत सुताला खळ द्यायला तो वापरतात. त्याच्या जोडीला समुद्रशेवाळातून मिळणारे दोन पदार्थ घेतले: अगर, ज्याला आपल्या स्वयंपाकघरात चायना ग्रास म्हणतात, आणि कॅरेजिनन, ज्याचं शेवाळ तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वाढवलं जातं.

मी ही पट्टी तयार होताना पाहिली आहे. पीव्हीए थंड पाण्यात लवकर विरघळत नाही. त्याला उकळीच्या जवळ तापवून ढवळत बसावं लागतं, नाहीतर गुठळ्या होतात. त्यात शेवाळाचे पदार्थ मिसळून गरम असतानाच उथळ ट्रेमध्ये ओततात. निवलं की खरवसाच्या वडीसारखं थिजतं. फरक एवढाच की हे पारदर्शक असतं, खाली ठेवलेल्या कागदावरची अक्षरं वाचता येतात. पण या टप्प्याला बोटाने दाबलं तर तुटतं आणि गरम केलं तर वितळतं. मग पाकीट बंद होतं आणि खोकं कन्व्हेयरवर चढतं. बाहेर आल्यावर तीच वडी लवचीक झालेली असते. दुमडली तरी मोडत नाही, तापवली तरी वितळत नाही. जवळजवळ दहात नऊ भाग पाणी, आणि तरी ते पाणी ओघळत नाही.

आत काय घडलं? किरणांनी पीव्हीएच्या साखळ्या जोडल्या आणि त्याच वेळी शेवाळाच्या साखळ्या तोडल्या. स्लॅब टाकताना आपण खाली सेंटरिंग लावतो. काँक्रीट आवळेपर्यंत भार त्याने पेलायचा. अगर आणि कॅरेजिननचं काम तेच. पीव्हीएचं जाळं विणून होईपर्यंत आकार त्यांनी धरून ठेवायचा. सेंटरिंगच्या फळ्या नंतर काढतात, इथे त्या मोडून आतच राहतात आणि पट्टीला पाणी धरायला मदत करतात. कोणता पदार्थ किती घेतला तर पट्टी मजबूत होते आणि कितीपुढे ती सैल पडते, याचा अभ्यास ट्रॉम्बेत बारकाईने झाला आणि २००७ मध्ये तो प्रसिद्धही झाला. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे तंत्रज्ञान खासगी उत्पादकांना देण्यात आलं. भाजलेल्या, सतत दाब पडून झालेल्या, मधुमेहामुळे न भरणाऱ्या जखमांवर ही पट्टी गेली. ती गार असते. चिकटत नाही, म्हणून बदलताना नवी आलेली कातडी ओरबाडली जात नाही. आणि आरपार दिसत असल्याने जखम कशी आहे हे पट्टी न काढता कळतं. ज्याने जळालेल्या माणसाच्या जखमेवरची सुकलेली गॉज ओढून काढताना पाहिली आहे, त्याला या तीन वाक्यांचं मोल सांगावं लागणार नाही.

तरीही लोकांनी ती सहज घेतली असं नाही. माझ्या नात्यातल्या एका बाईंचा पाय उकळत्या तेलाने भाजला होता. मी मोठ्या उत्साहाने एका दवाखान्यात ही पट्टी घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पाकिटावरचा मजकूर वाचला आणि ते परत माझ्या हातात दिलं. “किरणोत्सर्गी वस्तू मी पेशंटला लावणार नाही,” म्हणाले. गॅमा किरणांनी वस्तू किरणोत्सर्गी होत नाही, एक्स-रे काढलेला माणूस जसा होत नाही, हे मी सांगत राहिलो. त्या दिवशी ते पटलं नाही. बाईंच्या पायाची गॉज पुढे तीन आठवडे दर दोन दिवसांनी ओढून काढली गेली आणि मी शेजारी उभा होतो. माझ्या उभ्या नोकरीत एवढं हतबल मला कधी वाटलं नाही. आमच्या पिढीने लोकांशी बोलण्यात कसूर केली. मात्रा मोजण्यात जेवढी मेहनत घेतली तेवढी समजावण्यात घेतली नाही. लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरण द्यायचं केंद्र उभं राहिलं, २००७ पासून आपला आंबा किरणांखालून जाऊन अमेरिकेत पोचू लागला, तेव्हा कुठे शेतकऱ्याच्या तोंडून ही गोष्ट गावागावांत गेली. कांद्याला लागते ती मात्रा आमच्या मात्रेच्या तीनशेव्या हिश्श्याइतकी, पण भीती घालवायला ती जास्त लागू पडली.

आता शेवटचा आणि मला सर्वांत मोह घालणारा टप्पा. पट्टीचं जाळं तळहाताएवढं. तेच जाळं नॅनोमीटरच्या मापात विणता आलं तर?

हाही प्रश्न वूचमध्येच पुढे गेला. प्योत्र उलान्स्की, रोझियाक आणि त्यांच्या मंडळींनी १९९८ च्या सुमारास पाण्यात पॉलिमर अगदी विरळ घेतला, इतका की एक साखळी दुसरीपासून दूर राहावी. त्यातला प्राणवायू काढून टाकला, कारण मोकळे झालेले हात आधी प्राणवायू बळकावतो आणि साखळी जोडण्याऐवजी तुटते. बऱ्याचदा अशा प्रयोगांत नायट्रस ऑक्साइड भरतात, दात काढताना भूल द्यायला वापरतात तो. सुट्या इलेक्ट्रॉनचंही तो हायड्रॉक्सिल मूलकात रूपांतर करतो, म्हणजे हात मोकळे करणारे कामगार जवळजवळ दुप्पट होतात. आणि मग सावकाश पडणारे गॅमा किरण न वापरता त्वरकातून वेगवान इलेक्ट्रॉनचे धक्के दिले, प्रत्येक धक्का काही दशलक्षांश सेकंदांचा.

धक्क्यानेच एवढा फरक का पडतो? पंगतीचं उदाहरण घेतो. लग्नाच्या पंगतीला माणसं एकेकटी येऊ लागली तर कुणीही कुणाशेजारी बसतं आणि अनोळखी माणसांची ओळख होते. एकाच घरातली शंभर माणसं एकदम आत शिरली तर ती आपसातच बसतात. गॅमा किरणांत एका साखळीवर एका वेळी एखाददुसरा हात मोकळा असतो; तो दुसरी साखळी येईपर्यंत वाट पाहतो आणि तिला धरतो, म्हणून मोठं जाळं होतं. धक्क्यात एकाच साखळीवर एकाच क्षणी अनेक हात मोकळे होतात आणि दूर कुणाकडे जायच्या आधी ते एकमेकांनाच धरतात. साखळी स्वतःतच गुंतते. सैल लोकर हाताने घट्ट गुंडाळावी तसा गोळा तयार होतो. वजन तेवढंच, आकार आक्रसलेला. असा एक गोळा म्हणजे नॅनोजेल, काही दहा नॅनोमीटरचा; आपल्या केसाच्या जाडीत असे हजाराहून अधिक गोळे ओळीने बसतील.

या पद्धतीचं खरं सौंदर्य तिच्या यादीत आहे, आणि यादी फार लहान आहे: पॉलिमर, पाणी, किरण. नेहमीच्या रासायनिक पद्धतीत जोड देणारं एक रसायन लागतं, क्रिया सुरू करणारं दुसरं, थेंब वेगळे ठेवायला साबणासारखं तिसरं, आणि ही तिन्ही शेवटी धुऊन काढावी लागतात. जे नॅनोजेल रक्तात सोडायचे त्यांच्यात या रसायनांचा अंश राहिला तर काय, ही चिंता डोक्यावर कायम. किरणांच्या पद्धतीत धुवायला काही उरतच नाही. सिसिलीतल्या पालेर्मोच्या क्लेलिया डिस्पेन्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये याच साधेपणावर बोट ठेवलं. त्यांनी घेतलेला पॉलिमर पीव्हीपी, दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना रक्तद्रवाच्या जागी दिला गेला होता तो. नॅनोजेलला इन्सुलिन बांधून ते मेंदूकडे पोचवता येईल का, अल्झायमर्सच्या रुग्णाला त्याचा उपयोग होईल का, यावर त्यांच्या गटाने काम प्रसिद्ध केलं आहे. अंकारात, अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये या विषयावर वेगवेगळ्या अंगांनी काम झालं. वूचमध्ये पुढे ल्युटेशियम-१७७ नॅनोजेलला बांधून ते कर्करोगाच्या गाठीपर्यंत नेण्याच्या दिशेने प्रयोग झाले.

ल्युटेशियम-१७७ हे नाव वाचलं आणि मी कागद खाली ठेवला. हा समस्थानिक आमच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत तयार होतो आणि देशातल्या कर्करोगाच्या रुग्णांना दिला जातो. क्षणभंगुर मूलक पकडणारा त्वरक ट्रॉम्बेत आहे. १० एमईव्हीचा मोठा त्वरक खारघरच्या इलेक्ट्रॉन बीम सेंटरमध्ये आहे, आणि टाटा स्मारक केंद्राचं कर्करोग संशोधनाचं ठिकाणही त्याच खारघरमध्ये. पीव्हीएचा जेल कसा वागतो हे ट्रॉम्बेच्या माणसांना तोंडपाठ आहे. ट्रॉम्बे ते खारघर, खाडी ओलांडली की झालं, एवढ्याशा टापूत या कामाची सगळी सामग्री आहे. नव्या पिढीने हे काम हाती घ्यावं असं मला फार मनापासून वाटतं.

निवृत्तीनंतर एका परिसंवादाला गेलो होतो. चहाच्या वेळेत एका पाहुण्या संशोधकाने खिशातून काचेच्या दोन लहान बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. दोन्हींत एकच पॉलिमर, एकाच प्रमाणात, पाण्यात. एकीला किरण दिले नव्हते, दुसरीला इलेक्ट्रॉनचे धक्के दिले होते. रंग नाही, गढूळपणा नाही, दोन्ही नळाच्या पाण्यासारख्या. ते म्हणाले, ओळखा. मी बाटल्या एकदम आडव्या केल्या. एकीतलं द्रावण काचेवरून जरा रेंगाळत उतरलं, दुसरीतलं पटकन. साखळ्या पसरून असतात तेव्हा द्रव दाट वाहतो, गुंडाळल्या की पातळ. पटकन उतरली ती मी उचलून धरली, आणि सवयीने तिच्यावर टिकली शोधली.